खुंटा आणि माहेर

शिंगारे सरांच्या टेबलाचा खालचा ड्रॉवर उघडला की आत तीन गोष्टी दिसत. स्टीलचा डबा, बडीशेपेची बाटली आणि ढीगभर माउस. माउस म्हणजे कॉम्प्युटरचे. शेपट्या गुंडाळून, वर रबर लावून नीट ठेवलेले. आमच्या प्लॅनिंग खात्यात नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याचा माउस जप्त व्हायचा आणि तो परत मिळायचा थेट बदली झाल्यावर.

माझाही झाला. मी लग्न होऊन औरंगाबादला आले होते आणि वाळूजच्या एका कंपनीत चिकटले होते. गाड्यांना लागणारे पत्र्याचे बारीकसारीक भाग तिथं बनायचे. मी खुर्चीत बसतेय तोवर एक ठेंगणे, सफारीतले, चष्मा कपाळावर चढवलेले गृहस्थ समोर आले आणि त्यांनी हात पुढं केला.

"दे इकडं."

"काय?"

"उंदीर."

"मग मी काम कशानं करू?"

"देवानं दहा बोटं दिलीत ना पोरी? त्यातली निम्मी उंदराच्या पाठीवर कामून ठेवायची?"

सर कुठल्याही शाळेत शिकवत नव्हते. तरी सगळी कंपनी त्यांना सर म्हणायची, कारण कुणी कॉम्प्युटरवर काम करताना दिसलं आणि सर न शिकवता पुढं गेले, असं कधी झालं नाही. बँकेत गेले तर काचेपलीकडच्या पोरीला शिकवायचे. औरंगपुऱ्यात वह्या घ्यायला गेले तर दुकानदाराला शिकवायचे आणि वह्या विसरून यायचे. मग मालतीवहिनी, म्हणजे त्यांची बायको, त्यांना रिक्षाचे पैसे देऊन परत पाठवायच्या.

शिकवायचे काय, तर एकच विषय. कॉम्प्युटरवरच्या हिशोबाच्या शीटमधल्या सूत्रात एका घराचा पत्ता दुसऱ्या घरात कसा येतो आणि त्या पत्त्यावर बटणांनी कसं जायचं. शीटमधल्या प्रत्येक चौकोनाला, म्हणजे सेलला, ते घरच म्हणत. सी सात हा त्या घराचा पत्ता. घरात आकडा राहतो.

"आकडा आभाळातून पडत नसतो," ते म्हणायचे. "त्याला माहेर असतंय. आधी ते बघायचं, मग आकड्यावर इस्वास ठेवायचा."

एफ टू दाबलं की घराचं झाकण उघडतं आणि आतलं सूत्र दिसतं. कंट्रोल धरून चौकटी कंस दाबला की ज्या घरांतून आकडा आलाय तिथं उडी पडते. हे माहेर. तिथलं बघून झालं की एफ फाईव्ह आणि एंटर, की निघालात तिथं परत. हे सासर. मी त्यांना म्हटलं, सर, माहेरी जायला दोन बटणं आणि परत यायलाही दोनच, हा अन्याय आहे, परतीला निदान चार तरी पाहिजेत. सर विचारात पडले. मग म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला विचारून सांगतो." आमचं घर त्यांच्याच कॉलनीत, बजाजनगरला, तीन दारं सोडून होतं. संध्याकाळी त्यांनी खरंच विचारलं.

पण त्यांचं खरं प्रेम होतं एफ फोरवर. सूत्र एका घरात लिहून खाली ओढलं की त्यातले पत्तेही एकेक घर खाली सरकतात. एखादा पत्ता सरकू द्यायचा नसेल तर त्यावर एफ फोर दाबायचं. डॉलरची चिन्हं लागतात आणि पत्ता जागचा हलत नाही. सर याला खुंटा ठोकणं म्हणायचे. "म्हैस मोकळी सोडून धार काढायला बसशील का?" हा प्रश्न मी त्या खात्यात इतक्यांदा ऐकला की म्हशीची धार कधी न काढताही मला त्यातलं सगळं कळायला लागलं. त्यांच्या कीबोर्डवरच्या एफ फोरचं अक्षर पार पुसलं होतं.

एफ फोर एकदा दाबलं की पत्ता उभा-आडवा दोन्हीकडून पक्का. दोनदा दाबलं तर आडवा सरकेल, वर-खाली नाही. तीनदा दाबलं तर वर-खाली सरकेल, आडवा नाही. चौथ्यांदा दाबलं की मोकळा. सर या मापानं माणसंही मोजायचे. आमचे मोठे साहेब एकदा दाबलेले, कुठल्याच बाजूनं हलणार नाहीत. स्टोअरचे माने दोनदा दाबलेले, या खात्यातून त्या खात्यात आडवे कितीही सरकतील, वर काही चढायचे नाहीत.

"आणि तुम्ही?" मी एकदा त्यांच्या घरी चहा पिताना विचारलं.

"मी चारदा दाबलेला. मोकळा."

"मोकळे कसले," मालतीवहिनी आतून म्हणाल्या. "एकदाच दाबलेत, तेबी लग्नाच्या आधी. तवापासून मी ओढू लागले, हलायचं नाव नाय."

बटणांचं हे वेड कामापुरतं राहिलं असतं तर त्यांच्यावर लिहायला मी बसले नसते. एकदा कंपनीत आवई उठली की कारखाना इथून हलणार, दुसऱ्या राज्यात जाणार. लोकांचे चेहरे उतरले. नव्या फ्लॅटला टोकन देऊन बसलेल्यांना जेवण जाईना. सर म्हणाले, "ह्या बातमीचं माहेर कुठंय?" आणि उठले. मला कुणी सांगितलं? कँटीनवाल्यानं. त्याला? गेटवरच्या वॉचमननं. त्याला? बसच्या ड्रायव्हरनं. ड्रायव्हरला बजाजनगरच्या न्हाव्यानं. सर न्हाव्याकडं गेले, दाढी नसतानाही खुर्चीत बसले आणि विचारलं. न्हाव्यानं फक्त कंपनीच्या गेटातून एक मशीन ट्रकवर चढून जाताना बघितली होती. ती दुरुस्तीला चालली होती. बाकीचा कारखाना मधल्या लोकांनी ट्रकवर चढवला होता.

इथवर कुणीही हुशार माणूस गेला असता. सर तिथून परतही त्याच वाटेनं आले. ड्रायव्हरला गाठून सांगितलं, वॉचमनला सांगितलं, कँटीनवाल्याला सांगितलं, शेवटी मला. "परत येताना मधली घरं सोडायची नसतात," म्हणाले. यात त्यांची अर्धी पाळी गेली आणि साहेबांनी मेमो दिला. तो त्यांनी मन लावून वाचला आणि विचारलं, "ही पाळीची वेळ तुम्ही कुठून घेतली, साहेब?"

मग कंपनीनं नवे लॅपटॉप दिले. त्यावर एफ फोर दाबलं की आवाज वाढायचा. खुंटा ठोकायचा तर आधी कोपऱ्यातलं आणखी एक बटण धरावं लागे, ते सरांच्या बोटांना कोण सांगणार? पुण्याहून आलेल्या पाहुण्यांसमोर सर शीट दाखवत होते. खुंटे ठोकत गेले, ठोकत गेले आणि शेवटच्या खुंट्याला बोट शेजारच्या बटणावर पडून सकाळी अर्धवट थांबवलेला काकडा टाळ-मृदंगासह पूर्ण आवाजात सुरू झाला. पाहुण्यांतल्या एकानं नकळत हात जोडले. सरांनी तो संपेपर्यंत थांबून मग पुढचा आकडा सांगितला. मी टेबलाखाली पेन शोधत बसले, कारण वर बसणं शक्य नव्हतं.

पुढं पाण्याचं वर्ष आलं. तसं म्हणायचं, पण पाणी नव्हतंच. लागोपाठ दुसरा उन्हाळा कोरडा होता. जायकवाडीत तळ दिसत होता आणि शहर मात्र वाढतच चाललं होतं. गावाकडं पाणी नाही म्हणून लोक इकडं यायचे आणि इकडं नळाला हवा यायची. आमच्या कॉलनीत टँकर सुरू झाला. टँकर आला की आधी पाईप कुणाच्या टाकीत, यावरून दर वेळी भांडण. सख्ख्या शेजारणी एकमेकींच्या बादल्या ढकलायच्या, मीही ढकलली आहे. शेवटी सर मधे पडले.

"भांडता कामून? सूत्र लावू."

सूत्र साधं होतं. घरातली माणसं, गुणिले माणशी पाणी, वजा त्या घराच्या टाकीत आधीचं उरलेलं. सर दारोदार फिरून माणसं मोजून आले. गायक्यांच्या दारात त्यांना जरा वेळ लागला, कारण तिथं दहा-अकरा माणसं होती आणि मोजताना कुणीतरी आत-बाहेर करत होतं. शिवाय गायकेवहिनी म्हणाल्या, "सर, अजून एक धरा. सारिका यायचीय बाळंतपणाला."

सारिका त्यांची थोरली. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, हे ठरलेलंच. पण तिच्या सासरी, अंबडला, विहिरीला पाणी होतं आणि सासूबाईंनी कळवलं होतं की तुमच्यात प्यायला पाणी नाही, तिथं बाळंतीण कशी ठेवणार? पोरीला आम्ही पाठवायचो नाही. गायकेवहिनींनी त्यांना शब्द दिला होता की पाण्याची सोय होतेय, आमच्या सरांनी मनावर घेतलंय.

सरांनी स्वतःच्या लॅपटॉपवर शीट केली. पहिल्या ओळीत स्वतःचं घर, कारण घर नंबर एक त्यांचंच. त्यात सूत्र लिहिलं, खाली ओढलं, आकडे टँकरवाल्या रफिकभाईच्या मोबाइलवर पाठवले आणि हात झटकले. टँकरला मीटर होतं. रफिकभाई आकडा बघून पाणी सोडायचा आणि पुढच्या दाराला जायचा. भांडण नाही, बादली नाही. उलट सगळी घरं झाली तरी टँकरमध्ये पाणी उरायचं.

"बघा," सर म्हणाले, "दुष्काळात पाणी शिल्लक पडायलंय. ह्याला प्लॅनिंग म्हणतेत." उरलेलं पाणी त्यांनी मारुतीच्या देवळामागच्या हौदात राखीव म्हणून सोडायला लावलं, हौदाला कुलूप घातलं आणि किल्ली कंपनीच्या ओळखपत्राच्या पट्ट्याला बांधून गळ्यात घातली.

कॉलनीतल्या छोट्या घरांनी सरांना डोक्यावर घेतलं. घाटगेकाका एकटेच राहायचे. त्यांच्या गुलाबांना कळ्या आल्या. "हिशोब असावा तर असा," ते रोज म्हणायचे आणि सर मान डोलवायचे. मोठ्या घरांत मात्र दुसऱ्याच दिवशी टाकी वाजायला लागायची. गायकेवहिनी दोनदा येऊन सांगून गेल्या. सर दोन्ही वेळा म्हणाले, "वहिनी, खुंटा ठोकलाय. आकडा हलायचा नाय. घरात कुठंतरी नळ गळत असंल." वहिनींनी नळ बघितले. गायकेभाऊंनी तर जमीन खोदली.

मग रविवारी सकाळी देवळासमोर बैठक बसली. टँकर उभा होता, रफिकभाई चाकाला टेकून चहा पीत होता. गायकेवहिनी उठल्या. आवाज चढवला नाही त्यांनी, तेच अवघड गेलं सगळ्यांना.

"सर, उद्या अंबडहून जीप निघायचीय. सारिकाला घेऊन. आज दुपारपर्यंत मला फोन करून सांगायचंय, पाणी हाय का नाय ते. नाय म्हनलं तर पोरगी तिकडंच राहती. तिनं आत्तापासनं पिशवी भरून ठिवलीय. मी काय सांगू?"

सर म्हणाले, "वहिनी, शीट सगळ्यांसमोर उघडतो. तुमच्या पाण्याचं माहेर सगळ्यांना दाखवतो. मग तर झालं?"

त्यांनी सिमेंटच्या बाकावर लॅपटॉप ठेवला. उन्हात दिसेना म्हणून मालतीवहिनींनी वर पदर धरला. आम्ही सगळे वाकलो. सर गायक्यांच्या ओळीत गेले, एका बोटानं कंट्रोल धरलं आणि दुसऱ्यानं चौकटी कंस दाबला.

तीन घरं उजळली. एक माणशी पाण्याचं, ते बरोबर. दुसरं गायक्यांच्या टाकीत उरलेल्या पाण्याचं, तेही बरोबर. तिसरं गायक्यांच्या माणसांचं असायला हवं होतं. ते उजळलं पार वर, पहिल्या ओळीत. शिंगारे, माणसं दोन.

एफ फाईव्ह, एंटर. सर परत आले. जाधवांच्या ओळीत गेले आणि पुन्हा बटणं दाबली. शिंगारे, माणसं दोन. आमच्या ओळीत. शिंगारे, माणसं दोन. घाटगेकाकांच्या ओळीत. तेच.

रफिकभाईनं मागून मान लांब करून बघितलं. "साब," तो म्हणाला, "सबका मायका आपकेच घर में है क्या?"

कुणी हसलं नाही. म्हणजे हसू सगळ्यांना आलं होतं, पण गायकेवहिनींकडं बघून गिळलं. सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांना पळवाटा होत्या, बरं का. लॅपटॉप बिघडला म्हणता आलं असतं, बटणं उलटसुलट आहेत म्हणता आलं असतं, काकड्याची हकिकत तर अख्ख्या कॉलनीला माहीत होती. मी मनात त्यांच्यासाठी त्यातलं एक निवडूनही ठेवलं होतं. सर उभे राहिले.

"मंडळी, खुंटा ठोकायचा व्हता माणशी पाण्याला. हाताच्या सवयीनं मी माणसांच्या घरालाबी ठोकला. माझ्याच घराला. सगळी कॉलनी माझ्या दारात बांधून ठिवली, आन वरून शिल्लक पडली म्हणून मिरवलो." मग वहिनींकडं वळले. "तुमचा नळ गळत नव्हता, वहिनी. मीच बघितलं नाय. एकदा मागं जाऊन बघायचं व्हतं, तेबी केलं नाय."

मग खाली बसून त्यांनी पहिल्या ओळीतलं सूत्र उघडलं. त्या पत्त्यावर एफ फोर तीनदा दाबलं, कोपऱ्यातलं बटण न विसरता. डॉलर गेले. सूत्र पुन्हा खाली ओढलं आणि आकडे आमच्या डोळ्यांदेखत बदलले. गायक्यांचा फुगला, जाधवांचा फुगला, आमचाही वाढला. घाटगेकाकांचा निम्म्याहून खाली आला. ते गुलाबांबद्दल काहीतरी पुटपुटले, पण त्या दिवशी त्यांचं कुणी ऐकून घेण्यासारखं नव्हतं.

सरांनी गळ्यातला पट्टा काढून किल्लीसकट गायकेवहिनींच्या हातात दिला. हौद उघडला तर आत आमच्याच वाट्याचं पाणी गच्च भरून होतं. रफिकभाईनं टँकरचा पाईप लावला, उपसायला मोटर लावली आणि गायक्यांची टाकी भरायला लागली. वहिनी टाकीच्या तोंडाशी उभ्या राहून बघत होत्या. पाणी काठाला आलं तसा त्यांनी पदरानं हात पुसला, अंबडला फोन लावला आणि इतकंच बोलल्या, "इहीनबाई, पाठवा पोरीला."

सर घरी जाऊन झोपले. मालतीवहिनी सांगत होत्या की ते जेवलेही नाहीत. सोमवारी ऑफिसात आले आणि आल्या आल्या खालचा ड्रॉवर उघडून त्यांनी ज्याचा त्याला माउस वाटून टाकला. माझ्यासमोर माझा ठेवत म्हणाले, "घे. हाताला लई सवय झाली की डोळे बघायचं सोडून देतेत." मला त्या वेळी त्यांची फार माया वाटली. पण माउसचा उपयोग काही झाला नाही. आम्हाला तो धरताच येईना. आठवडाभरात सगळे माउस निमूट ड्रॉवरमध्ये जाऊन पडले.

सारिका आली. ऐन उन्हाळ्यात तिला मुलगी झाली, नाव ठेवलं अन्वी. बारशाला गायकेवहिनींनी सरांना पाळण्याशेजारी खुर्ची टाकून बसवलं होतं. घुगऱ्या खाताना रफिकभाई त्यांच्या कानाशी लागून म्हणाला, "साब, इसका मायका तो बराबर लगा." सरांनी त्याला कोपरानं ढोसलं आणि दोघंही बराच वेळ हसत राहिले.

वर्षं गेली. शहराचं नाव बदललं, चिकलठाण्याच्या बाजूला शेतं होती तिथं इमारती झाल्या आणि त्यातल्याच एकीत आम्ही फ्लॅट घेतला. सर रिटायर झाले होते. गुडघे धरले होते, ओट्यावरून फारसे उठत नसत. आम्ही सामान हलवल्यावर त्याच दिवाळीत ते गेले. मला फोनवर कळलं. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभी राहून रडले. रडता रडता काकडा आठवला आणि हसले, आणि नवरा दारात येऊन गोंधळून उभा राहिला.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्याआधी, मे महिन्यात, निरोप घ्यायला गेले तेव्हा. सर ओट्यावर खुर्चीत होते. त्यांची मोटर जळली होती आणि एक हिरवा पाईप अंगणातून त्यांच्या टाकीत येऊन पडला होता. पाणी पडल्याचा आवाज येत होता. अन्वी सुट्टीला आली होती, सहा-सात वर्षांची असेल. टाकीत डोकावून बघत होती.

"पाणी कुठनं आलं गं?" सरांनी विचारलं.

"पाईपातनं."

"आन पाईपात कुठनं आलं? बोट ठिव त्यावर. मागं मागं जा. उचलायचं नाय बोट."

ती वाकली. पाईपावर बोट ठेवून उलट्या दिशेनं निघाली. अंगणातून, तुळशीला वळसा घालून, फाटकाखालून, रस्त्याच्या कडेनं. कोपऱ्यावर दिसेनाशी झाली. थोड्या वेळानं गायक्यांच्या अंगणातून तिची हाक आली.

"आजोबा, पाईप तर आमच्या घरी आलाय. आजीच्या नळाला."

सरांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

"बरोबर पोचलीस," ते म्हणाले. "आता गेलीस तशीच परत ये."

मी निघाले तेव्हा ते खुर्चीत पुढं वाकून, रस्त्याच्या त्या कोपऱ्याकडं बघत बसले होते.